पाचवीच्या वर्गातला नावाडी

७ सप्टेंबर, गुरुवार

फेब्रुवारीनंतर या वहीत एकही ओळ नाही, याचं ओशाळल्यासारखं होतंय. लिहायला काही नव्हतं असं नाही. लिहिलं असतं तर कधीतरी वाचावंही लागलं असतं, एवढंच. सहा-सात महिने रजेवर होते. डॉक्टर त्याला थकवा म्हणतात, शाळेच्या कागदांत 'प्रकृतिअस्वास्थ्य' असं आहे, आणि माझा नवरा तेरुओ नुसतं 'ते' म्हणतो. 'ते' पुन्हा यायला लागलं तर आधी मला सांग, म्हणतो.

सोमवारी रुजू झाले. कुरामोचीबाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या, त्यांचा पाचवीचा वर्ग मला मिळाला. शिस्तीचा वर्ग आहे. बूट कपाटात एका रेषेत, जेवण वाढणाऱ्या मुलांचे पांढरे रुमाल स्वच्छ, फरशी पुसताना कुणी दंगा करत नाही. कुरामोचीबाईंनी त्यांना हाताच्या खुणा शिकवल्या आहेत. मूठ वर केली तर 'त्याच्या बोलण्यात मला भर घालायचीय', दोन बोटं म्हणजे 'मला पटत नाही', पंजा म्हणजे 'माझं वेगळंच म्हणणं आहे'. खुणा सगळ्यांना येतात. मी आल्यापासून वर गेलेला एकही हात पाहिलेला नाही.

आज खाडीतल्या पक्ष्यांचा धडा घेतला. मुलांनी एकेक वाक्य वाचलं, स्टेशनवरची घोषणा वाचावी तसं, स्पष्ट आणि कुणासाठीच नाही असं. मी विचारलं, यातलं काय आवडलं. मग मागच्या रांगेतला गेन्ता म्हणाला, "बाई, आवडलेलं परीक्षेत येतं का?" त्याने उद्धटपणे विचारलं नव्हतं. त्याला खरंच माहिती हवी होती.

फेब्रुवारीत हेच झालं होतं. सहावीचा वर्ग होता. एक मुलगी म्हणाली, उत्तर काय लिहायचं ते सांगा ना, गोष्ट परत कशाला वाचायची. मी पुस्तक उघडून वाचायला लागले आणि आवाजच फुटेना. अक्षरं दिसत होती. वीस वर्षं मी मुलांना वाचायला शिकवतेय, आणि त्यांतलं कोणी कधी वाचलंच नाही, असं त्या क्षणी वाटलं. तेव्हा ते वाटलं होतं. आता ते मला पटलेलं आहे.

मुख्याध्यापक तोकोरो सरांशी आज शिक्षकखोलीत मोकळेपणाने बोलले. म्हटलं, एकदा, एकाच वर्गाला, एक गोष्ट खरोखर वाचताना बघायचंय. नाही जमलं तर मार्चमध्ये शाळेचं वर्ष संपलं की मी नाही. ते म्हणाले, "उराबेबाई, इतक्या टोकाला जाऊ नका. नोव्हेंबरअखेर पुढच्या वर्षाचं विचारायचंच असतं, तोवर बघू." आमचं बोलणं चालू असताना वर्गप्रमुख रिन, मोजे ओले झाले म्हणून, नर्सबाईंना शोधत आली होती. दारातच उभी होती. तिने ऐकलं नसावं.

१२ सप्टेंबर, मंगळवार

पालकसभा. शेवटी तोकोरो सरांनी मला बाहेर जरा चहाचं बघायला सांगितलं. परत आले तेव्हा सगळे पालक माझ्याकडे बघून वाकले, नेहमीपेक्षा जरा खाली. सर म्हणाले, "दोन शब्द बोललो मी, काळजी करू नका." कुठले दोन शब्द, ते विचारायला हवं होतं. विचारलं नाही. न विचारण्यात सोय होती.

२१ सप्टेंबर, गुरुवार

पंधरा नोव्हेंबरला माझा निरीक्षणाचा पाठ ठरला. त्या दिवशी जेवणानंतर बाकीच्या सगळ्या वर्गांना घरी सोडतात, फक्त एक वर्ग मागे राहतो, आणि शाळेतले सगळे शिक्षक भिंतीला टेकून तो तास बघतात. जिल्ह्याचे मार्गदर्शकही येणार आहेत. यंदा खरं तर निइमींचा नंबर होता. निइमी माझ्याहून दहा वर्षांनी लहान, संशोधनसमितीचे प्रमुख. ते म्हणाले, "बाई, मी एकदा बुडालोय, आता तुम्ही पोहून दाखवा." हसत म्हणाले. मीही हसले.

धडा निवडला तो योहेईचा. योहेई म्हातारा नावाडी. नदीच्या वरच्या अंगाला पूल होतो, त्याच्या होडीत कुणी बसेनासं होतं. गावकरी त्याला न सांगता आपसांत ठरवतात: रोज एका घराने एक माणूस होडीने पलीकडे पाठवायचा. योहेई खूश होतो, होडीत गाणी म्हणतो. नवं वल्हं करतो. मग शरदात एके संध्याकाळी, नदीच्या मध्यावरून परत येताना, नुकतीच पलीकडे सोडलेली बाई पुलावरून चालत घरी परतताना त्याला दिसते. दुसऱ्या दिवशी होडी किनाऱ्यावर पालथी घातलेली. वल्हं पुसून पुलाच्या कठड्याला टेकवून ठेवलेलं. योहेई नाही. शेवटचं वाक्य: त्या दिवशी पुलावरून जाणारी माणसं हळू चालत होती.

शिक्षक-पुस्तिका म्हणते की गावकऱ्यांचं प्रेम मनात साठवून योहेई बदलाचा स्वीकार करतो. मुलांनी तिथपर्यंत यावं, असं आहे.

पहिलं वाचन झालं. मी म्हटलं, काय वाटलं? गेन्ता: "पूल बांधला की सोयीचं होतं." रिन: "दुसऱ्यांचा विचार करावा." संपलं.

घरी निघताना बुटांच्या कपाटाशी काहो थांबली होती. ही खिडकीजवळ बसते, बोलत नाही, जेवतानाही तिच्या मांडीवर पुस्तक असतं. म्हणाली, "बाई, योहेई कुठे गेला?"

"ते दिलेलं नाही पुस्तकात."

"माहितीये. पण गेला कुठे?"

"तुला काय वाटतं?"

"मला कळलं असतं तर विचारलं नसतं ना."

मला खरंखुरं हसू आलं. या वर्षातलं बहुतेक पहिलं.

३ ऑक्टोबर, मंगळवार

आज नदीचा नकाशा काढायला दिला. पूल कुठे, घाट कुठे, ती बाई कुठे उतरली, योहेईला नेमकं काय दिसलं. मुलांनी सुंदर नकाशे काढले. निळा रंग रेषेबाहेर गेला नाही. मग मी विचारलं, "तुम्ही योहेईच्या जागी होडीत बसलात, तर इथून काय दिसतं?" कुणी बोललं नाही. मी थांबले. थांबायचं असतं, असं मीच नव्या शिक्षकांना सांगायचे. खाली घातलेली सगळी डोकी, सगळे केस नीट विंचरलेले. मला ते ओळखीचं वाटायला लागलं, श्वास वर वर यायला लागला.

वर लिहिलंय त्यात एक गोष्ट गाळली. मी फळ्याकडे वळले आणि रडले. आवाज केला नाही, पण मुलांना कळलं असणारच. खडू हातात तसाच होता आणि मी लिहीत नव्हते.

नर्सबाईंच्या खोलीत पडून राहिले. परत गेले तेव्हा घरी सोडण्यापूर्वीची वर्गसभा मुलांनी आपली आपणच घेतली होती. मी दारात येताच सगळे गप्प झाले. रिन उभी राहून म्हणाली, "बाई, झालंच आमचं." फळा स्वच्छ पुसलेला होता. काहो एकटी बसून होती, बाकी सगळे उभे.

तेरुओला सांगितलं, 'ते' येतंय. तो मासळी बाजारात लिलावाच्या कचेरीत आहे, पहाटे उठतो, त्यामुळे आमचं बोलणं जेवता जेवताच होतं. म्हणाला, "मग उद्या जाऊ नको."

"उद्या नाही गेले तर परवाही जाणार नाही."

"परवाचं परवा बघू. तू दोन्ही दिवस आजच काढायला बसतेस."

११ ऑक्टोबर, बुधवार

नीट, न वाढवता लिहायला हवं.

आज हात वर गेले. मी प्रश्न विचारला, नवं वल्हं करताना योहेई मनात काय म्हणत असेल, आणि खिडकीकडच्या रांगेतून एक पंजा वर आला, मग दोन मुठी. मुलं म्हणाली: "आपलं काम अजून लागतं, असं म्हणत असेल." "आजोबा नवीन चप्पल घेतात तेव्हा अजून खूप वर्षं चालायचंय असं म्हणतात, तसं." चप्पल. ही शिक्षक-पुस्तिकेत नाही. ही त्या मुलाच्या घरातून आली.

मागच्या आठवड्यात मी पद्धत बदलली होती. धड्यातली वाक्यं मोठ्या कागदावर लिहून भिंतीला लावली, मुलांना एकेका वाक्याशेजारी उभं राहून बोलायला सांगितलं. त्याचाच हा परिणाम असावा. दुसरं काही कारण सुचत नाही.

१९ ऑक्टोबर, गुरुवार

रोज होतंय. आणि मला विश्वास ठेवता येत नाहीये. हे माझं जुनंच दुखणं: ऊन पडलं तरी छप्पर तपासायचं.

हात वर येण्यातही एक टापटीप आहे, तेवढंच खटकतं. काल दाराकडच्या रांगेतली मुलं बोलली, परवा मधल्या रांगेतली. मला मजा वाटली. कुरामोचीबाईंची शिस्त इतकी मुरलीय की विचारसुद्धा रांगेने येतात. निइमी खिडकीतून बघून गेले. म्हणाले, "काय जादू केलीत? माझी पोरं अजून मेलेल्या माशासारखी बघतात." घरी हे सांगितल्यावर तेरुओ म्हणाला, "आमचे मासे हात वर करत नाहीत, तेच बरं. बोली कोणी लावायची मग."

आज फरशी पुसताना रिन जवळ आली. "बाई, तुमचा चेहरा आता बरा दिसतो."

"आधी वाईट दिसायचा?"

"तसं नाही." मग, "म्हणजे हो."

काहोने अजून एकदाही हात वर केलेला नाही. जी मुलगी वाचते तीच बोलत नाही, याचं आश्चर्य वाटतं. लाजाळू असेल.

६ नोव्हेंबर, सोमवार

पाठाचं टाचण पूर्ण. डाव्या रकान्यात माझे प्रश्न, उजव्या रकान्यात मुलांची अपेक्षित उत्तरं, शेवटी फळा कसा दिसेल त्याचं चित्र. उजवा रकाना इतक्या सहज कधी भरला नव्हता. मुलं काय बोलतील ते मला आधीच ऐकू येत होतं.

संध्याकाळी वर्गात काहो मागे राहिली. म्हणाली, "बाई, योहेईला राग आलाय."

"राग? गावाने इतकं केलं त्याच्यासाठी."

"म्हणूनच. सगळ्यांना माहीत होतं, त्याला एकट्यालाच नव्हतं. रोज कुणीतरी येऊन होडीत बसतंय, आणि हा त्यांना गाणी म्हणून दाखवतोय." मग म्हणाली, "मला तर त्याच्याकडे बघवत नाही."

बोलताना ती योहेईच्या कागदाकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती. मला अवघडल्यासारखं झालं. म्हटलं, चांगला विचार आहे, पण पंधरा तारखेला आपण गावकऱ्यांच्या मायेकडे जाणार आहोत, त्या वाटेने ये तूही. "हं," म्हणाली आणि दप्तर पाठीला लावलं.

ती गेल्यावर टाचण उघडलं. उजव्या रकान्यात 'राग' लिहावं का? लिहिलं तर पुढचा प्रश्न बदलतो, मग फळा बदलतो, मग शेवट बदलतो. जागा होती. लिहिलं नाही. मुलीचं म्हणणं चुकीचं होतं म्हणून नाही, मला भीती वाटली म्हणून. इथे तरी खरं लिहावं.

१५ नोव्हेंबर, बुधवार

झालं.

जेवणानंतर शाळा रिकामी झाली. मैदान, जिने, सगळं शांत, आणि आमच्या एका वर्गात भिंतीला टेकलेली पंचवीस-तीस मोठी माणसं. मुलं ताठ बसलेली. मी म्हटलं, आज शेवटचं पान. आणि हात वर गेले. सगळ्या रांगांमधून. मुठी, पंजे, पुन्हा मुठी. प्रत्येक म्हणण्याशेजारी मी त्या मुलाच्या नावाचं चुंबक लावत गेले. 'वल्हं पुसलं म्हणजे त्याने आभार मानले.' 'कठड्याला टेकवलं, म्हणजे आता पुलाला सांभाळा असं सांगितलं.' मी टाचणाकडे बघितलंही नाही. एकेक वाक्य टाचणातल्याच क्रमाने येत होतं.

मग दोन बोटं. काहो.

तिला विचारावं लागलं. सगळ्यांनी ती बोटं पाहिली होती. उभी राहिली, आवाज लहान पण सरळ. "त्याने आभार मानले नाहीत. त्याला लाज वाटली आणि राग आला. सगळ्यांनी मिळून त्याला फसवलं. चांगल्या मनाने फसवलं, म्हणून त्याला भांडताही आलं नाही."

रिन मागे वळून तिच्याकडे बघत होती. मुलं एकमेकांकडे बघत होती, आणि मग, हे मला नीट आठवतंय, सगळी माझ्याकडे बघायला लागली. माझ्या चेहऱ्याकडे.

मी म्हटलं, "असंही वाटू शकतं." आणि म्हटलं, "आणखी कुणाला काय वाटतं?" ताबडतोब सहा-सात हात वर गेले. काहो बसली. तिचं चुंबक माझ्या हातातच राहिलं.

नंतरच्या चर्चेत मार्गदर्शक म्हणाले, इतका मायाळू वर्ग फार दिवसांनी पाहिला. मुलं एकमेकांना धरून पुढे नेत होती. तोकोरो सरांचे डोळे ओले झाले. निइमी शेवटी म्हणाले, "मला एकच विचारायचंय. फळ्यावर बोलणाऱ्या सगळ्यांची नावं होती, एका मुलीचं सोडून. तासभरात धड्याशी भांडलेली ती एकटीच होती." मी म्हटलं, वेळ कमी पडला. वेळ उरला होता.

तेरुओने खेकडा आणला. हंगामातला पहिला, पाय तुटलेला म्हणून लिलावात न घेतलेला. "पोहलीस म्हणायचं," म्हणाला. मी भरपूर जेवले.

२० नोव्हेंबर, सोमवार

काहो शुक्रवारपासून येत नाही. आई फोनवर म्हणाली पोट दुखतंय. साथीचे दिवस आहेत. तिच्यासाठी धड्यांचे कागद रिनजवळ द्यायला गेले तर रिन म्हणाली, "आमचा रस्ता वेगळा आहे, बाई." दोघी एकाच गल्लीत राहतात.

२२ नोव्हेंबर, बुधवार

नवी कविता सुरू केली. बर्फ वितळण्यावरची, छोटीशी. टाचण नाही, पाहुणे नाहीत. मला बघायचं होतं, योहेईत शिकलेलं मुलं इथे कसं आणतात. कविता वाचली. गेन्ता खिडकीबाहेर बघत होता, म्हणून सहज त्यालाच विचारलं.

तो दचकला. "बाई, आज आमच्या रांगेचा नंबर नाही."

मला समजलं नाही. म्हटलं, कसला नंबर? तो लाल झाला आणि रिनकडे बघायला लागला. सगळेच रिनकडे बघायला लागले.

मधल्या सुट्टीत रिनला थांबवलं. मग एकदम सगळं बोलली.

"आम्ही खोटं नाही बोललो, बाई. उत्तरं आमचीच होती. फक्त रांगांना नंबर लावले होते. आदल्या दिवशी ठरवायचो कुणी काय बोलायचं."

"कधीपासून?"

"तुम्ही नर्सबाईंकडे गेलात ना, त्या दिवसापासून. वर्गसभेत ठराव केला. सगळे उभे राहिले. मतदान झालं."

"पण का?"

"पालकसभेहून आल्यावर आई म्हणाली होती, बाईंना त्रास होईल असं वागू नका. आणि तुम्ही सरांना म्हणालात ना, जमलं नाही तर जाणार म्हणून." तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "आमच्यामुळे बाई गेल्या असं नको होतं व्हायला."

मी विचारलं, काहोचा नंबर कधी असायचा.

"ती म्हणाली मी नाही करणार, हे वाईट आहे. मग आम्ही म्हटलं, नाही तर नाही, निदान गप्प तरी बस. तिने कबूल केलं होतं, बाई. आणि सगळ्या पाहुण्यांसमोर बोलली."

"त्यानंतर तुम्ही तिच्याशी बोलता का?"

रिन खाली बघत राहिली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. अकरा वर्षांची मुलगी, दीड महिना एक आजारी बाई सांभाळत होती. मी म्हटलं, तू चांगल्या मनाने केलंस. हे म्हणताना माझाच आवाज मला कुठूनतरी दुसरीकडून ऐकू आला.

तो चप्पलवाला मुलगाही नंबरानेच बोलला होता. त्या आजोबांच्या चपला खऱ्या होत्या का, हे विचारायचं धाडस झालं नाही.

२४ नोव्हेंबर, शुक्रवार

काल सुट्टी होती, दिवसभर पडून होते. आज शाळेत गेले. हात वर आले. मी बोलायला सांगितलं, ते बोलले, मी मान हलवली. मला कळलंय हे रिनने त्यांना सांगितलेलं नाही, किंवा सांगितलं असेल आणि तरीही ते चालू आहे. मला ठरवता आलं नाही यातलं वाईट कुठलं.

नोकरी सोडायचं ठरलं. तीस तारखेला तोकोरो सरांना सांगेन, तब्येतीचं कारण देईन. मुलांना मार्चपर्यंत काही कळू द्यायचं नाही. शांतपणे निघून जायचं, वर्ग नीट आवरून. नंबर लावल्याचा उल्लेख कुणाकडे करायचा नाही, मुलांना उगीच अपराधी वाटेल. हेच त्यांच्यासाठी सगळ्यांत चांगलं. मी पुष्कळ विचार केला.

वीस वर्षांत एक वर्ग मला खरोखर वाचताना मिळाला. वाचत होता माझा चेहरा. त्या वर्गाला त्याहून जास्त मी काही शिकवलं नाही.

२६ नोव्हेंबर, रविवार

काल दुपारी काहोच्या घरी गेले होते. बंदरामागच्या गल्लीत, खालच्या मजल्यावर जाळ्यांचं दुकान. आई दारातच म्हणाली, "पोट वगैरे काही नाही हो बाई, लपवून काय करू. शाळेत कुणी बोलत नाही म्हणते. मी म्हटलं, तूच जाऊन माफी माग सगळ्यांची. तर म्हणते, कशाची?"

काहो जिन्यावर बसली होती, पायरीवर, पुस्तक गुडघ्यावर उलटं. मी खालच्या पायरीवर बसले. म्हटलं, "तुझं नाव मी फळ्यावर लावलं नाही. ते माझं चुकलं."

"हं."

"तुझं म्हणणं बरोबर होतं."

"बरोबर म्हणजे परीक्षेतलं बरोबर?"

"नाही. वाचणाऱ्याचं बरोबर."

मग म्हणाली, "रिन म्हणते, मी बोलले म्हणून तुम्ही आता जाणार. जाणार का?"

"ठरवलेलं नाही," मी म्हटलं. हे खोटं होतं. ठरवलेलं होतं, आणि मी ते एका मुलीला तिच्या जिन्यावर बसून खोटं सांगितलं. कदाचित तिला ते दिसलं. तिला दिसतं.

तिने पुस्तकाचा कोपरा दुमडला आणि सरळ केला. "मला आता योहेईचाही राग येतो, बाई."

"त्याचा का?"

"त्याला कळलं होतं ना. मग सांगायचं. मला कळलंय, म्हणायचं. वल्हं पुसून ठेवलं आणि गेला. आता ती बाई, पुलावरून परत येणारी, ती जन्मभर म्हणणार, माझ्यामुळे गेला. तोही गावासारखाच. त्यानेही कुणाला काही सांगितलं नाही."

आई वरून चहा घेऊन आली, बोलणं तिथेच थांबलं. निघताना काहो सोमवारी येईन असंही म्हणाली नाही आणि येणार नाही असंही म्हणाली नाही.

आज दिवसभर मी घर पुसत होते. तेरुओ म्हणाला, "एकच कपाट तिसऱ्यांदा पुसतेयस." मी त्याला सगळं सांगितलं, नंबरांपासून जिन्यापर्यंत. तो जेवत राहिला, मग म्हणाला, "मग आता काय करणार?" म्हटलं, माहीत नाही. सांगितल्याने काही होईल असं वाटत नाही. मुलं रडतील, पालकांचे फोन येतील, तोकोरो सर हात जोडतील, रिनला वाटेल मी तिला उघडं पाडलं. हात वर येणं बंद होईल, आणि पुन्हा त्या खाली घातलेल्या डोक्यांसमोर मी एकटी उभी असेन. कदाचित माझा आवाज पुन्हा जाईल. राहण्याचं बळ माझ्यात आलंय असं अजिबात नाही. उलट, काल होतं त्याहून कमी आहे.

उद्या: हजेरी घेण्याआधी वर्गाला सांगायचं की मला कळलंय.